चवीची फिर्याद

पंक्तीत वाढलेल्या अन्नाला नावे ठेवू नयेत, हा आपल्याकडील जुना दंडक आहे. आमटीत मीठ कमी पडले असेल तर ताटाच्या शिरोभागी वाढलेल्या चिमटीभर मिठाने ती उणीव निमूटपणे भरून काढावी, भात करपला असेल तर करपलेला भाग ताटाच्या कडेला सारावा, आणि यजमानाने 'कसे काय झाले आहे?' असे विचारताच, घास तोंडात असतानाच, 'उत्तम' या एका शब्दात उत्तर देऊन त्याचा जीव भांड्यात पाडावा, अशी शिकवण पिढ्यान् पिढ्या दिली गेली. खाणाऱ्याला मत नसे असे नव्हे. लग्नाच्या जेवणावरील खरा अभिप्राय परतीच्या एस. टी. त, किंवा त्याही आधीच्या काळी बैलगाडीत, विहिणीच्या माहेरच्या माणसांना ऐकू जाणार नाही इतके अंतर पडले की मगच प्रकट होई, आणि त्या सुनावणीत जिलबीचा पाक, मठ्ठ्यातले आले व वाढप्यांचा हात आखडता असणे या प्रत्येक कलमावर सविस्तर जबान्या होत. स्वयंपाक करणाऱ्याच्या देखत, आवाज न चढवता पण न कचरता, 'आज बरोबर झालेले नाही' असे म्हणण्याची मोकळीक मराठी माणसाला प्रथम लाभली ती उपाहारगृहात; आणि ती लाभण्याचे कारण तेथील टेबलखुर्चीत किंवा संगमरवरी फरशीत नसून, त्याने गल्ल्यावर मोजलेल्या पैशांत होते, असे मी गेल्या वर्षभरात निरनिराळ्या गावांतील साध्या खाणावळी व मिसळीची दुकाने पाहत हिंडल्यावर समजू लागलो आहे.

तथापि मत देण्याच्या हक्काआधी बसण्याचा हक्क येतो, आणि तो सहजासहजी मिळालेला नाही. १८९० साली पुण्यात, पंच हौद मिशनमध्ये, गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहाबिस्किटे आली; कोणी चहा प्याले, कोणी पेल्याला नुसता हात लावला, आणि पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली तेव्हा शहरात असा गहजब माजला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीस कमिशन बसले, आणि टिळक व रानडे या परस्परांशी फारसे न पटणाऱ्या दोघा थोर पुरुषांना प्रायश्चित्ताच्या एकाच प्रश्नाला तोंड द्यावे लागले. त्या चहाची चव कशी होती याविषयी एवढ्या मोठ्या दप्तरात कोणी एक अक्षर लिहून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. चहा कोणाच्या हातचा, एवढाच मुद्दा होता.

हाच मुद्दा पुढे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी ज्या रीतीने निकालात काढला ती रीत कोणत्याही ठरावापेक्षा परिणामकारक ठरली. पागेतील दलित नोकर गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला स्पर्श केल्यावरून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढून दिले. तेवढ्याने गिऱ्हाईक येत नाही हे त्या चतुर राजाला ठाऊक होते. म्हणून आपली गाडी तेथे उभी करून तो स्वतः चहा मागवी, आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजी, ज्यांना नकार देण्याची सोय नव्हती. सार्वजनिक उपाहारगृहांत कोणालाही धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही, हे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात १९५० पासून स्पष्ट नमूद आहे. वहिवाट कायद्याच्या मागून चालत राहिली, आणि काही गावांत दाराबाहेर निराळी ठेवलेली कपबशी त्यानंतरही बरीच वर्षे दिसत होती, ही गोष्ट खमंग आठवणी लिहिताना आपण सोयीस्करपणे गाळतो.

पाककृतींच्या बाबतीत आपले वाङ्मय मुळीच दरिद्री नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची, जी आजही लग्नात मुलीबरोबर पाठवली जाते. यांत पदार्थ कसा करावा हे कळते. दुसऱ्याने केलेला पदार्थ कसा पारखावा, हे शिकवण्याची जबाबदारी मात्र बाकांवर आणि गल्ल्याजवळ घोटाळणाऱ्या अनाम मंडळींनी उचलली.

या मंडळींतील सर्वांत जुना व सर्वांत अबोल वर्ग गिरणगावातला. परळ, लालबाग, वरळी या भागांत कोकणातून व घाटावरून एकटेच आलेले गिरणी कामगार एका खोलीत पाळीपाळीने निजत, आणि जवळच्या चाळीतील एखाद्या बाईकडे महिन्याच्या ठरावाने जेवत. पगार झाला की खाणावळीचा हिशेब चुकता करायचा, हा अलिखित करार. परळच्या एका चाळीत, जिच्या खिडकीतून पूर्वी गिरणीची चिमणी दिसे आणि आता उंच मनोऱ्याच्या काचा दिसतात, तेथे पन्नास वर्षे खाणावळ चालवलेल्या एका वृद्ध बाईंनी मला सांगितले : "नावं कोण ठेवणार बाबा? महिनाभर उधारीवर जेवायचं न् कालवणाला नावं ठेवायची, हे कुणाला जमायचं? ज्याला पटलं नाही, तो पगार झाल्यावर ट्रंक उचलून दुसरीकडं जायचा. तोच त्याचा बोल." बाईंचीही बाजू तितकीच बांधलेली होती, वाण्याकडून धान्य उधार, सावकाराचे व्याज जबर, आणि संप झाला की जेवणारे तेच, देणे मात्र तहकूब. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन करून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेले, तेव्हा एका अर्थाने चुलीपुढच्या बाईला प्रथमच कोणाच्या मिंधेपणाशिवाय डाळ निवडून घेता आली. बाईंचे मत असे की, त्यानंतर आमटी दाट झाली. मी त्यावर पुरावा मागितला नाही.

इराण्याकडे परिस्थिती अगदी निराळी. यझ्द व केरमान प्रांतांतून आलेल्या या लोकांनी मुंबई-पुण्याच्या कोपऱ्यांवर दुकाने थाटली. धोबी तलावचे कयानी १९०४ चे, पुण्याच्या डेक्कनवरील गुडलक १९३५ चे. तेथे शेजारी कोण बसले आहे हे विचारण्याची पद्धत नव्हती, आणि एका चहावर किती वेळ बसावे याचा हिशेब मालक मनातल्या मनात ठेवी. ज्या गिऱ्हाइकाला बोलण्यास वाव नव्हता त्याच्याशी मालकच सूचनाफलकावरून बोले. बास्तानी या इराणी हॉटेलातील असल्या मनाईहुकमांवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच रचली. ब्रून कडक आहे की नाही, मस्का पुरेसा आहे की नाही, यापलीकडे इराण्याकडे चवीचा वाद फारसा रंगत नाही, आणि रंगू नये हेच बरे, कारण तेथे मनुष्य खाण्याहूनही बसण्यासाठी जातो. माटुंग्याच्या रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगात, जे १९४२ पासून केळीच्या पानावर जेवू घालते, आधी कूपन घ्यावे लागते. पैसे अगोदर दिलेले असल्यामुळे जेवणाराच्या चेहऱ्यावर रसम येण्यापूर्वीच एक प्रकारची न्यायाधीशाची प्रसन्न अलिप्तता दिसते. पुण्यात लक्ष्मी रोडवरचे पूना गेस्ट हाउस १९३५ साली मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी काढले. तेथे नट आणि नाटककार येत, आणि जेथे नट येतात तेथे अभिप्रायाला कधी तोटा पडत नाही.

परंतु चवीच्या फिर्यादीला खऱ्या अर्थाने उभे राहण्याची जागा मिळाली ती मिसळीपुढे. याचे कारण पदार्थाच्या घडणीतच आहे. मिसळ ही स्वयंपाकघरात पुरी होत नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ, फरसाण किंवा पोह्यांचा चिवडा, कांदा, लिंबू, आणि वरून ओतायचा तो रस्सा, ज्याला कोल्हापुरात कट, पुण्यात सँपल आणि विदर्भाकडे तर्री म्हणतात, हे सारे खाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत एकत्र येते, आणि त्यातील प्रमाण शेवटच्या घासापर्यंत त्याच्या हातात राहते. रस्सा पुन्हा मागता येतो. बहुतेक ठिकाणी त्याचे पैसेही पडत नाहीत. म्हणजे खाणारा हा अर्धा आचारीच, आणि अर्ध्या आचाऱ्याला मत नसेल हे संभवत नाही.

ठाण्याला मामलेदार कचेरीच्या आवारालगत मुर्डेश्वर कुटुंबाने १९४६ च्या सुमारास सुरू केलेले उपाहारगृह आहे, ज्याची मिसळ त्या कचेरीच्याच नावाने ओळखली जाते. एखाद्या महसुली हुद्द्याला एवढे लोकप्रेम दुसरीकडे कोठे मिळाले असेल असे वाटत नाही. सकाळी दहाच्या सुमारास मी गेलो तेव्हा बाकांवर तीन प्रकारची माणसे होती : सातबाराचा उतारा, फेरफार किंवा वारसनोंद यांसाठी आलेली, कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून खाणारी, शेजारच्या बाजारात कामाला जाणारी, उभ्याउभ्याच आटोपणारी, आणि केवळ मिसळीसाठी मुलुंड किंवा डोंबिवलीहून सहकुटुंब आलेली, जी फोटो काढत असल्यामुळे त्यांचा रस्सा निवत होता. तिखटाचे मान आधी सांगावे लागते. पहिल्यांदा आलेला माणूस बायकोसमोर 'तिखट' म्हणतो आणि मग नाक पुसत पाण्याचा तांब्या जवळ ओढतो, हा देखावा तेथे इतका नित्याचा आहे की वाढणारा पोरगा सांगण्यापूर्वीच पाणी आणतो.

माझ्या समोर बसलेले गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत होते तोपर्यंत दुपारी, आणि आता पेन्शनच्या कामाचे निमित्त काढून सकाळी, असा त्यांचा येथला राबता अखंड आहे. त्यांनी पहिला घास घेतला, पाव खाली ठेवला, आणि फाइलीवर शेरा लिहिताना जसा कारकून क्षणभर टाक उचलून धरतो तसा चमचा हवेत धरून म्हणाले, "आज मसाला पुरता भाजलेला नाही." पोरग्याला बोलावून त्यांनी हेच शांतपणे सांगितले. पोरगा आत गेला, आतून एक मध्यमवयीन माणूस हात पुसत आला, त्याने वाद घातला नाही की क्षमाही मागितली नाही, फक्त विचारले, "कालच्यापेक्षा, की नेहमीपेक्षा?" यावर त्या दोघांचे मिनिटभर जे बोलणे झाले त्यात खोबरे, धणे आणि आच याशिवाय चौथा विषय नव्हता. तो आत गेल्यावर गृहस्थ माझ्याकडे वळले. "कचेरीत माझ्या शेऱ्यावर साहेबाची सही लागायची, मग प्रांताची, मग कलेक्टरची. इथं उद्या सकाळी फरक दिसतो." मी विचारले, आणि न दिसला तर? "तर परवा पुन्हा सांगायचं. जागा बदलायची नाही."

जागा न बदलणे हा या व्यवहारातला फार मोठा मुद्दा आहे असे मला वाटते. एकदाच येऊन चांगले-वाईट ठरवून जाणाऱ्याचे मत मालकाच्या लेखी फारसे मोलाचे नसते, मग ते कितीही जोरकस असो. पुण्यातल्या एका जुन्या दुकानाच्या मालकांनी मला त्यांची स्वतःची परीक्षा सांगितली : ते गल्ल्यावर बसत नाहीत, मोरीच्या वाटेवर बसतात, आणि परत येणाऱ्या बश्या पाहतात. फरसाण उरले तर ते मऊ पडले असणार. मटकी उरली तर ती कच्ची. रस्सा उरला तर गिऱ्हाईक परगावचे. कांदा उरला तर? "कांद्याचा भाव उतरला असेल," ते म्हणाले.

पुण्याची मिसळ एक नाही, हे पुणेकरांना सांगावे लागत नाही आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. बेडेकरांकडची किंचित गोडसर, तिच्या बाजूने उभे राहणारा पक्ष नारायण-सदाशिव पेठांतला. वैद्यांकडचा हिरव्या मिरचीचा आणि आल्याचा रस्सा मानणारा पक्ष निराळा. आणि भरपूर तेलाचा लाल तवंग असल्याखेरीज मिसळ म्हणायचेच नाही, असा तरुणांचा तिसरा. गोडाला नावे ठेवणारे लोक कोल्हापूरचे नाव पुढे करतात, आणि कोल्हापूरला न गेलेलेच ते अधिक आवेशाने करतात, अशी माझी नम्र नोंद आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर गोडसर मिसळीत उसळीची चव तरी लागते. तवंगाखाली मटकी होती की वाटाणा, हे पुष्कळदा बिलावरूनच कळते.

दादरच्या 'आस्वाद'ला २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान तेथील मिसळीसाठी मिळाला, तेव्हा वृत्तपत्रांना अर्थातच भरते आले. शिवसेना भवनापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या त्या उपाहारगृहाबाहेर तोवरही रांग असेच, ती लांबली. तेथील नेहमीच्या एका बाईंना, ज्या थालीपीठ घेऊन एकट्याच बसल्या होत्या, मी या गौरवाविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "मिसळ चांगली आहे हो, पण त्या लोकांनी इथलं थालीपीठ खाल्लेलं दिसत नाही." निर्णयाविरुद्ध अपील इतक्या सौम्य भाषेत दाखल झालेले मी दुसरे पाहिलेले नाही.

कोल्हापूरला गेल्यावर या साऱ्या वादाचे तापमान वाढते. मिसळीबरोबर येथे पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस देण्याची रीत आहे. कट कांदा-लसूण मसाल्याचा, आणि तो वाढणारा किटली घेऊन बाकांमधून फिरत असतो. फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा या नावांभोवती येथे जी निष्ठा दिसते ती कुस्तीच्या तालमींच्या निष्ठेच्या जवळची आहे, आणि दोन्ही ठिकाणी बोलणे उघड, समोरासमोर व मोठ्या आवाजात होते. 'कट आज पातळ हाय' हे वाक्य येथे मालकाला चारचौघांत ऐकवले जाते, आणि मालक ते ऐकून घेतो, कारण ऐकवणारा उद्या येणार असतो.

अशाच एका दुकानात माझ्या शेजारच्या बाकावर दोन व्याही येऊन बसले. मुलाचे वडील कोल्हापूरचे, मुलीचे नाशिकचे. लग्न नुकतेच झालेले असावे, कारण 'अहो' आणि 'आपण' यांची उधळण अजून ओसरलेली नव्हती. कोल्हापूरकरांनी मागवण्याचा मान स्वतःकडे घेतला, वाढणाऱ्याला दोनदा परत बोलावून व्याह्यांच्या ताटलीत कट ओतवला, आणि पहिला घास खाली उतरण्यापूर्वीच विचारले, "कशी हाय, सांगा की!" नाशिकच्या माणसाकडे मत होते हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होते, त्यांच्या गावी काळ्या मसाल्याची मिसळ, बरोबर पापड, दही आणि पाव, असा सरंजाम असतो, आणि पुढ्यातील स्लाइस ते एखाद्या संशयास्पद दस्तऐवजासारखी उलटसुलट करून पाहत होते. पण बिल दुसऱ्याचे, नाते मुलीकडचे. "उत्तम," ते म्हणाले. कोल्हापूरकरांचे समाधान झाले नाही. "उत्तम म्हंजे? तुमच्यापेक्षा भारी का न्हाई?" यावर नाशिककर हात धुवायचे निमित्त करून उठले, थेट गल्ल्यावर गेले, मोबाइलने तेथील कोड टिपून दोघांचेही पैसे भरले, आणि परत येऊन, खुर्ची नीट पुढे ओढून घेत, अत्यंत विनयाने म्हणाले, "आता सांगतो. कटाला तोड नाही, मान्य. पण उसळ कमी पडते, दह्याची जागा रिकामी राहते, आणि मिसळीबरोबर ही स्लाइस पुढे ठेवणं आमच्याकडे कुणी खपवून घेणार नाही."

मला वाटले, आता भडका उडणार. कोल्हापूरकर उठले खरे, चेहरा लालही झाला होता. परंतु व्याह्यांकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. ते तरातरा गल्ल्यावर गेले आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात मालकावर गरजले, "पाव्हण्यांकडनं पैसं घेतलासाच कसं तुम्ही?"